‘लग्नात उडवले असतील!’ : दीडशे वर्षं जुनी एक तक्रार

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी आमच्याकडे हिशोबाची बैठक झाली. म्हणजे मी, बायको, वही आणि पेन. मुलाच्या शाळेच्या बसचे पैसे वाढले, सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, पगार आहे तिथेच. काय कापायचं? दोन ओटीटीपैकी एक बंद. बाहेरचं जेवण महिन्यातून एकदाच. मुंबईला जाताना एसी डब्याऐवजी साधा. रविवारच्या मटणावर पेन आलं तेव्हा दोघंही गप्प झालो. शेवटी बायको म्हणाली, "ते राहू दे. आठवडाभर डाळभात खाऊ, पण रविवार रविवारसारखा पाहिजे." राहिलं.

एवढ्यात शेजारचे काका आले. रिटायर्ड माणूस, मनानं चांगला. विषय आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींवर गेला. मावशींनी त्या आठवड्यात दोन हजारांचा ॲडव्हान्स मागितला होता आणि आदल्याच दिवशी त्या नवी साडी घेऊन आल्या होत्या. काका म्हणाले, "लाडक्या बहिणीचे पंधराशे आले की साडी. मग ॲडव्हान्स. ह्या लोकांचं असंच. मिळालं की उडवायचं, लग्नकार्यात घालवायचं आणि मग गरिबीच्या नावानं रडायचं."

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण रात्री डोक्यात तेच फिरत राहिलं, कारण काकांचं हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं. तेही सरकारी कागदपत्रांवरच्या लिखाणात. दीडशे वर्षांपूर्वीच्या.

तर चला, थोडं मागे जाऊ.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, तेव्हाचा भीमथडी तालुका. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकानं लुटली, एक घर जाळलं. पण त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद. कर्जाची खतं, रोखे, हिशोबाच्या वह्या. जिथे सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले तिथे फारसं काही झालं नाही. नाही दिले तिथे घर पेटलं. पुणे आणि नगर जिल्ह्यांत बघता बघता हे लोण पसरलं. त्याआधी काही महिने शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारांवर बहिष्कार टाकून बघितलाच होता. न्हावी हजामत करणार नाही, कुणी पाणी भरणार नाही. म्हणजे हे एका दिवसाचं डोकं फिरणं नव्हतं.

इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. आपण परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो.

सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. तोपर्यंत साहेबाच्या कचेरीत आणि शहरातल्या शिकलेल्या लोकांत एक मत अगदी पक्कं होतं. कुणबी कर्जबाजारी का? तर तो लग्नात पैसा उडवतो म्हणून. सणवार, बारसं, लग्न, जेवणावळी. ऐपत नाही आणि हौस दांडगी. आता कुणब्याच्या घरातलं लग्न सगळ्यांना दिसतं. मांडव दिसतो, वाजंत्री ऐकू येते, पंगत बसते. सावकाराच्या वहीत व्याजावर चढलेलं व्याज कुणाला दिसत नाही, त्याला वाजंत्री लावत नाहीत.

पण आयोगानं एक बरं केलं. प्रत्यक्ष कर्जाचे हिशोब उघडून बघितले. आणि निष्कर्ष काय निघाला? लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून उगाच मोठं केलं जातं. शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानानं तो खर्च जास्त वाटेल, पण असे प्रसंग वर्षानुवर्षांतून कधीतरी येतात. सगळी वर्षं मिळून बेरीज केली, तर त्याच्यासारख्या माणसानं घरच्या-दारच्या आनंदावर जेवढा खर्च करावा त्याहून ती काही जास्त भरत नाही. कर्ज होतं ते बियाण्यासाठी, बैलांसाठी, पोटासाठी आणि सारा भरण्यासाठी.

हे लिहिणारे काही गरिबांचे कैवारी नव्हते. सरकारी अधिकारीच होते. त्यांचा हा परिच्छेद मला फार आवडतो, कारण त्यात ‘आनंदावर खर्च करण्याचा हक्क’ गरीब माणसालाही असू शकतो हे जवळजवळ मान्य केलंय.

मग पैसा जात कुठे होता? थोडा हिशोब बघू.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडून इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हाताला धरून कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकारांनी हात आखडले. नेमकं त्याच सुमाराला, १८६७ पासून, तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांत सारा नव्यानं ठरवायला सुरुवात झाली. वाढ किती? ५० टक्क्यांपासून थेट दुपटीपर्यंत. भाव खाली, सारा वर.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाचं खत तीनच वर्षं चालेल असा नियम. हेतू चांगला होता, व्याज फार साचू नये म्हणून. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालून पुन्हा त्यावर व्याज. आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून जास्त व्याज लावलेलं निघालं. शंभरावर दोन हजार! कितीही लग्नं केली असती तरी एवढं उडवता आलं नसतं.

(आयोग सगळ्याच बाबतीत एवढा सरळ नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. सरकारी सारा हे दंग्याचं कारण आहे का, असा प्रश्न आला तेव्हा उत्तर ‘नाही’ असंच दिलं गेलं. सगळं खापर सावकारावर. स्वतःच्या मालकाचा हिशोब उघडताना सगळ्यांचेच हात थोडे थरथरतात.)

पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याचं काय झालं ती वेगळी पोस्ट.

आता जोतीराव फुले.

‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मधला. त्यात जोतीराव नेमक्या याच आरोपाचा समाचार घेतात. शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जात जातो, असं म्हणणाऱ्यांना ते शेतकऱ्याच्या घरात नेऊन उभं करतात. बघा इथली भांडी, बघा अंगावरची वस्त्रं, बघा लग्नातलं जेवण कसं असतं ते, आणि मग सांगा कुठे आहे उधळपट्टी. आणि मग सारा, पट्ट्या, कोर्टकचेऱ्या, कारकुनांची वरकमाई असा सगळा पाढा वाचतात.

पण एक गंमत लक्षात घ्या. हेच जोतीराव लग्नावरचा खर्च कमी करायला निघाले होते. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, दक्षिणा नाही, पानसुपारीच्या खर्चात काम झालं. म्हणजे खर्च कापा, असं जोतीराव स्वतः आपल्या माणसांना सांगत होते. तरी ‘तुम्ही उधळे आहात म्हणून गरीब आहात’ असं बाहेरून कुणी म्हटलं की तेच जोतीराव असूड काढत होते.

यात मला विसंगती दिसत नाही. घरातल्या माणसानं ‘यंदा जरा आवरतं घेऊ’ म्हणणं वेगळं. ज्यानं आपला खिसा हलका केला त्यानंच येऊन ‘तू फार खर्चिक आहेस बाबा’ म्हणणं वेगळं. आणि काय कापायचं यावरही जोतीरावांचं लक्ष कुठे होतं बघा. आप्तेष्ट जमणं त्यांनी कापलं नाही. कापली ती मधल्या माणसाची दक्षिणा.

आता पन्नास वर्षं पुढे येऊ आणि गावातून मुंबईला. कारण तेच कुणबी, मराठे, महार गिरणीत कामाला आले होते आणि आरोपही त्यांच्या मागोमाग बोटीत बसून मुंबईला आला होता. गिरणी कामगार दारू पितो, पैसे गावच्या जत्रेत घालवतो, पगार वाढवला तर आणखी उडवेल. पगारवाढ टाळायला यासारखं सोयीचं कारण नाही.

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं कामगारांच्या घरखर्चाची मोठी पाहणी केली. फिंडले शिरास हे तिचे प्रमुख. २४७३ कुटुंबं आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष. घरोघरी जाऊन खर्च लिहून घेतला. अहवाल १९२३ चा.

कुटुंबाची सरासरी कमाई महिन्याला ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चातले ५६.८ टक्के खाण्यावर. सरपण आणि दिवाबत्ती ७.४. कपडे ९.६. भाडं ७.७. उरलेले १८.५ टक्के ‘किरकोळ’. ही जी किरकोळ आहे ना, तिच्यावरच सगळ्यांचा डोळा. बघा, एवढी चैन करतात! पण हजामत त्यात, तंबाखू त्यात, गावचा प्रवास त्यात आणि कर्जावरचं व्याजही त्यातच. व्याजाला कुणी चैन म्हणत असेल तर हरकत नाही.

व्याज किती? रुपयाला महिना एक आणा हा सर्रास दर. ऐकायला एक आणा. वर्षाचे बारा आणे झाले, म्हणजे ७५ टक्के. पाहणीतली जवळपास निम्मी कुटुंबं, ४७ टक्के, कर्जात होती.

आणि आता खाण्याचा आकडा. निम्म्याहून जास्त खर्च खाण्यावर, म्हणजे पोटभर तरी खात असतील? अहवालातच तुलना दिलीय. दुष्काळी कामावरच्या मजुरासाठी सरकारनं जेवढं धान्य ठरवलं होतं तेवढं हा कामगार खात होता. तुरुंगातल्या कैद्याला जेवढं मिळायचं त्यापेक्षा कमी.

पुन्हा वाचा. दहा-दहा तास यंत्रावर उभा राहणारा माणूस कैद्यापेक्षा कमी भाकरी खात होता. आणि चर्चा कशाची? तर त्याच्या तंबाखूची.

मला वाटतं, यात या लोकांचं ठरवणं दिसतं. रोजच्या भाकरीतून चिमूट चिमूट कापायचं, कारण ते कुणाला दिसत नाही. एका खोलीत दाटीवाटीनं राहायचं. आणि ज्यातून आपण माणसात आहोत हे कळतं ते धरून ठेवायचं. शिमग्याला, गणपतीला गावी जाणं. बहिणीच्या लग्नात उभं राहणं. गावाकडे मनीऑर्डर. अर्थशास्त्राच्या वर्गात हा मूर्खपणा ठरेल. पण संप झाला, आजारपण आलं, गिरणीतून काढलं, तर हा माणूस कुठे जाणार होता? गावाकडे. ज्या गावातल्या लग्नाला तो पदरमोड करून गेला होता त्याच गावाकडे. ना पेन्शन, ना विमा. माणसं हाच विमा, आणि त्याचा हप्ता लग्नाकार्यातच भरावा लागायचा.

दारूचं काय, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. दारूनं घरं बुडाली, आजही बुडतात, आणि ते सर्वात जास्त बायकांनी भोगलं. त्याचं समर्थन नाही. पण दारूचं दुकान चालवायचा परवाना कोण देत होतं आणि त्याचा महसूल कोण घेत होतं, हाही हिशोबाचाच भाग आहे की नाही?

स्वातंत्र्यानंतर तरी हे थांबलं का? एकच उदाहरण देतो, कारण ते आमच्या घरातलंही आहे.

जानेवारी १९६३. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं. देशाकडे परकीय चलन नाही. लोकांनी, विशेषतः बायकांनी, संरक्षण निधीला अंगावरचे दागिने काढून दिले होते. अर्थमंत्री मोरारजी देसाई. त्यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायचे नाहीत. सोन्याची हौस म्हणजे अडकून पडलेला पैसा, देशाच्या कामाचा नाही, अशी त्यामागची समजूत. एका अर्थानं हिशोब बरोबर होता.

पण आजीला विचारा. आमच्या आजीच्या हातात दोन पाटल्या होत्या. त्या तिनं हौसेनं मिरवल्या असतील चार लग्नांत. गहाण मात्र तीनदा पडल्या. एकदा बियाण्याला, एकदा काकाच्या कॉलेजच्या फीला, एकदा आजोबांच्या ऑपरेशनला. घर आजोबांच्या नावावर, जमीन आजोबांच्या नावावर, तिच्या मालकीचं म्हणून जगात काय होतं तर त्या दोन पाटल्या. तिला १४ कॅरेट सांगून काय उपयोग? मोडायला गेलं तर सोनार नाक मुरडणार. सरकारी भाषेत जी चैन होती ती आजीच्या भाषेत बँक होती. आणि बँकेत खातं उघडायला तिला कुणी कधी नेलंच नव्हतं.

झालं काय? सोनारांचा धंदा बसला. हजारो कारागीर रस्त्यावर आले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. चोरटं सोनं मुंबईच्या किनाऱ्यावर उतरत राहिलं आणि त्यावर काही लोक फार मोठे झाले. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट काढावी लागली. बाकी नियंत्रण मात्र १९६८ च्या कायद्यानं चालूच राहिलं, ते १९९० ला गेलं. सत्तावीस वर्षं. तेवढ्या काळात बायकांनी सोनं घेणं थांबवलं नाही.

याच्या शेजारी १९६५ ठेवून बघा. अन्नधान्याची टंचाई. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा असं आवाहन केलं. आधी स्वतःच्या घरात करून बघितलं आणि मग देशाला सांगितलं, असं सांगतात. लोकांनी सोमवारी संध्याकाळी चुली बंद ठेवल्या. माझे वडील आजही ‘शास्त्रींचा सोमवार’ म्हणतात. कायदा नव्हता, दंड नव्हता. तीच माणसं, तीच गरिबी. सोनं सोडलं नाही, पण जेवण सोडलं.

आता परत आपल्या सोसायटीत येऊ.

२०२३-२४ च्या घरखर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत खाण्याचा वाटा ग्रामीण भागात साधारण ४७ टक्के आणि शहरात जवळपास ४० टक्के आला. शिरास यांच्या ५६.८ पासून शंभर वर्षांत आपण इथवर आलोय. चांगलंच आहे. पण त्यातही शीतपेयं, फरसाण, बाहेरचं तयार खाणं यांचा वाटा मोठा दिसला आणि लगेच सुरू झालं, गरीब लोक आता चिप्स खातात, मग गरिबी कुठे राहिली? पुन्हा तोच मांडव दिसला आणि व्याज दिसलं नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या प्रत्येक बातमीखाली एक जण असतोच, ‘मुलीच्या लग्नात उडवले असतील’ लिहिणारा. हुंड्याचा आणि मोठ्या लग्नाचा बोजा खोटा नाही, त्यावर बोललंच पाहिजे, गावागावांत सामुदायिक विवाह करणारे लोक ते काम करतही आहेत. पण सोयाबीनचा भाव आणि खताच्या गोणीची किंमत माहीत नसताना फक्त मांडव मोजायचा, याला काय म्हणणार?

सोमवारी मावशी आल्या तेव्हा मी ॲडव्हान्स दिला आणि सहज विचारलं, साडी छान आहे, काय विशेष? त्या आधी ओशाळल्या. मग बसल्या आणि हिशोबच सांगितला. मला वही लागते, त्यांचा तोंडपाठ होता. खोलीचं भाडं. फायनान्सवाल्या गटाचा आठवड्याचा हप्ता, एक चुकला तर बाकीच्या बायका दारात येतात. मुलीच्या क्लासची फी, दोन हजार त्यासाठीच हवे होते. दूध बंद करून तीन महिने झाले, घरात कोरा चहा. बस दोन स्टॉप आधीच सोडतात आणि चालत येतात, तिकिटाचा टप्पा वाचतो. साडी सहाशेची. भावाच्या मुलाचं लग्न आहे.

मी म्हटलं, जुनी नेसली असती तर?

"दादा, जुनी नेसून गेले असते तर भावजय म्हणाली असती, ही आता मागायला येणार. मग खरंच मागायची वेळ आली तर दार उघडेल का?"

मी गप्प.

काका संध्याकाळी परत भेटले. त्यांच्या नातवाची मुंज आहे, हॉल ठरवायला निघाले होते. कॅटरर ताटाला साडेसातशे म्हणतोय, सहाशेला तयार होईल का यावर आमची बरीच चर्चा झाली. मी मनापासून सल्ला दिला. एकुलता एक नातू आहे, हौस असणारच.

घरी आल्यावर वही काढली. ओटीटी बंदच ठेवलंय. मावशींच्या पगारात पुढच्या महिन्यापासून तीनशे वाढवले. बायको म्हणाली, ते कुठे लिहू, घरखर्चात की किरकोळमध्ये? म्हटलं, घरखर्चात लिही.